पातळ म्हणजे गार नव्हे

उन्हाळा तापला की अमेरिकेत कपड्याखाली पिस्तूल बाळगणाऱ्यांसाठी खास टी-शर्ट बाजारात येतात. या आठवड्यात अशीच एक जाहिरात पुन्हा झळकली. पॉलिएस्टर-स्पँडेक्सचा, अंगाला घट्ट बसणारा, तलम टी-शर्ट. घालणाऱ्याला म्हणे उकडत नाही आणि कमरेचं हत्यारही कुणाला दिसत नाही. यातली पहिली गोष्ट अर्धवट खरी आहे, दुसरी साफ खोटी. कापड जितकं पातळ तितकं गार, या समजुतीचा समाचार इथे आधीही घेतला आहे. ती समजूत ॲरिझोनात आणि टेक्ससमध्ये जास्त महाग पडते.

फीनिक्सचंच बघा. 2023 मध्ये तिथे सलग 31 दिवस कमाल तापमान 43 अंश सेल्सिअसच्या वर होतं. ॲरिझोनात 2010 पासून, टेक्ससमध्ये 2021 पासून आणि फ्लोरिडात 2023 पासून परवाना नसतानाही पिस्तूल लपवून बाळगता येतं. म्हणजे जाकीट अंगावर सहन होत नाही त्या महिन्यांतही ते झाकायचं कसं, हा तिथल्या असंख्य लोकांचा रोजचा प्रश्न. फ्लोरिडात 2025 पर्यंत हत्यार उघड्यावर बाळगणं गुन्हा होता. वाऱ्याने शर्ट उडाला तर काय, ही धास्ती इतकी खरी होती की 2011 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानाधारकाचं हत्यार क्षणभर दिसलं तर तो गुन्हा नाही, असं लिहून द्यावं लागलं.

उत्तर मात्र त्याच फ्लोरिडात, मायामीच्या घराघरांत खुंटीला टांगलेलं आहे. ते म्हणजे ग्वायाबेरा. क्यूबातून आलेला हा शर्ट लिननचा किंवा सुती. समोर सहसा चार खिसे, त्यांच्यावरून खांद्यापासून खालपर्यंत बारीक चुण्यांच्या दोन उभ्या पट्ट्या, पाठीवर आणखी तीन. खालची कड सरळ, दोन्ही बाजूंना कट, आणि तो इन करायचाच नसतो. क्यूबाने 2010 मध्ये सरकारी समारंभांसाठी तो अधिकृत पोशाख ठरवला. म्हणजे बाहेर सोडलेला शर्ट गबाळा दिसतो, ही तक्रारही उरत नाही.

आता हा शर्ट आणि जाहिरातीतला टी-शर्ट शेजारी शेजारी ठेवा. टी-शर्ट होजियरीचा, प्रत्येक उंचवट्यावर ताणून बसणं हा त्या विणीचा धर्मच आहे. माणूस वाकला की पिस्तुलाच्या मुठीचा कोपरा कापडावर स्पष्ट उमटतो, घाम आला की कापड आणखी चिकटतं. पॉलिएस्टर स्वतःच्या वजनाच्या जेमतेम 0.4 टक्के ओलावा शोषतं, सूत सुमारे 8 टक्के, लिनन 12 टक्क्यांच्या आसपास. धावपटूंना पॉलिएस्टर आवडतं कारण ते लवकर वाळतं. ते रास्तच आहे, पण धावपटूला कमरेचं काही झाकायचं नसतं. ग्वायाबेरा अंगापासून सुटा राहतो. चालताना बाजूच्या कटांतून हवा आतबाहेर खेळते आणि घाम अंगावरच वाळतो. चुण्यांमुळे कापडाला थोडा ताठपणा येतो, म्हणून ते होल्स्टरला न बिलगता त्याच्यावरून सरळ खाली पडतं. खिशांच्या कडा, शिवणी, उभ्या रेघा इतक्या असतात की आतून उठलेली एखादी रेघ नजरेला वेगळी काढता येत नाही. गेल्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेच्या उन्हाळ्यात रुळलेलं आपल्याकडचं मद्रास चौकड्यांचं सुती कापडही हेच काम करतं. ढगळ फुलाफुलांचा हवाईयन शर्टही तसाच. बहुखिशी फोटोग्राफर-जॅकेटचं उलट आहे. ते हत्यार झाकतं खरं, पण भर उन्हात जॅकेट घातलेल्या माणसाकडे सगळ्यांचं लक्ष जातं.

मग गिऱ्हाइक चुकतं कुठे? लेबलवर. 1958 च्या कायद्यामुळे अमेरिकेत कपड्यावर तंतूंची टक्केवारी छापावी लागते. कापडाचं वजन, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, हे मात्र छापावं लागत नाही. 100 टक्के सुती मलमलही असते आणि डेनिमही. इथे हे पुन्हा पुन्हा लिहिलं आहे आणि वजन लेबलवर येईपर्यंत लिहीत राहावं लागेल. ते छापलं जाईल त्या दिवशी निम्म्या उन्हाळी जाहिराती बंद पडतील, असा या स्तंभाचा ठाम विश्वास आहे. तोवर शर्टिंगचं दीडशे ग्रॅमच्या आसपासचं विणलेलं कापड मागावं आणि दुकानातच दोन्ही हात वर करून, मग खाली वाकून बघावं. हात वर गेल्यावर पट्टा दिसत असेल तर तो शर्ट आखूड आहे.

शर्टाखालचीही दोन कामं आहेत. 2018 मध्ये आलेल्या सिग पी-365 सारख्या पिस्तुलांची जाडी इंचभर आणि रिकाम्याचं वजन अर्धा किलोच्या आसपास. तरीही नाडीच्या शॉर्टवर ते टिकत नाही, ताठ पट्टा लागतोच. होल्स्टरने ट्रिगर पूर्ण झाकलेला हवा. चामड्याचं होल्स्टर घाम पितं आणि मऊ पडतं. कायडेक्स प्लास्टिक घाम पीत नाही पण कातडीला टोचतं. दोन्हींच्या आत सुती बनियन असलेला बरा, कारण घामातल्या मिठाने पोलाद गंजतं.

बायकांची अडचण याहून मोठी आहे आणि बाजाराने ती सर्वांत कमी मनावर घेतली आहे. उन्हाळी कपड्यांत जागाच नाही म्हणून अनेकजणी पिस्तूल पर्समध्ये ठेवतात. 2014 च्या डिसेंबरात आयडाहोतल्या एका वॉलमार्टमध्ये दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि गोळी लागून आई जागीच गेली. ती पर्स पिस्तुलासाठी वेगळा कप्पा असलेली होती. उंच कमरेची पँट आणि वर सैल लिननचा शर्ट, एवढ्याने हत्यार अंगावर राहू शकतं. पण त्यासाठी बायकांच्या पँटला दीड इंची पट्टा जाईल अशा मजबूत लुपा आधी शिवायला हव्यात.