अर्थ आणि अनर्थ

इंग्लंडात लेस्टरला माझ्याकडे १९६४ सालची एम.जी.बी. आहे. परवा रात्री भर पावसात, शेजारी आई बसलेली असताना, ती चौकातच बंद पडली. स्टार्टर कण्हला आणि गप्प झाला. आई म्हणाली, "अरे, आपली बैलगाडी बरी!" मेकॅनिकनं निकाल दिला : डायनामो बदला.

पण वाचकहो, गाडी चालताना लाल दिवा तर विझत होता! म्हणजे डायनामो पिकवत होता. पीक घरात येत नव्हतं. सीटमागच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या मी चार्ज केल्या. मग मीटरची एक तार बॅटरीच्या अर्थ टोकाला (या गाडीत ते पॉझिटिव्ह), दुसरी इंजिनाच्या अंगाला लावली आणि मुलाला स्टार्टर मारायला सांगितलं. काटा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. तो दोनावर गेला! इंजिन बॉडीशी जोडणारी पट्टी गंजली होती. बॅटरीची तार सोडून ती घासली, घट्ट आवळली. डायनामो अजून तोच आहे.

तेव्हा आधी मोजा, मग बदला. अर्थ बिघडला की अनर्थ ठरलेलाच!