पाहणी झाली, विचारलं कोणाला?



पावसाळा तोंडावर आला की आपल्याकडे पाहण्यांचा हंगाम सुरू होतो. धोकादायक इमारतींच्या याद्या लागतात, पुलांचं 'स्ट्रक्चरल ऑडिट' निघतं, धरणाच्या भिंतीवरून अधिकारी फिरून येतात. एखादी दुर्घटना घडली तर हाच हंगाम अवेळी येतो. सगळ्या पुलांची ताबडतोब पाहणी करा, अहवाल सादर करा, असे आदेश सुटतात. स्त्रियांच्या त्रैमासिकाच्या संपादकीयात हे सगळं कशाला, असं काहीजणींना वाटेल. मारहाण, पोटगी, कामाच्या जागचा छळ हे आपले प्रश्न, लोखंड आणि सिमेंट हे इंजिनिअर मंडळींचे, अशी वाटणी आपणही नकळत करून टाकलेली असते. मला ती मान्य नाही.

१४ मार्च २०१९ ची संध्याकाळ आठवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेरचा 'हिमालय' पादचारी पूल कोसळला आणि सातजणांचा जीव गेला. त्यात तीन परिचारिका होत्या. जवळच्या जीटी रुग्णालयात रात्रपाळीला निघालेल्या. स्टेशनातून रुग्णालयाकडे जायची ही त्यांची रोजची वाट. या पुलाचं ऑडिट आधीच झालेलं होतं आणि त्यात किरकोळ दुरुस्त्या तेवढ्या सुचवल्या होत्या. दुर्घटनेनंतर ऑडिट करणाऱ्या सल्लागाराला अटक झाली. म्हणजे पाहणी झाली नव्हती असं नाही. पाहणी झाली होती, कागद तयार होता, आणि तरीही पूल पडला.

त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. मुंबई-गोवा महामार्गावरच्या दोन एसटी बस माणसांसकट नदीत गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता, हे सरकारतर्फेच सांगण्यात आलं. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, खालची भेंदवाडी वाहून गेली, किमान १९ माणसं दगावली. धरणाला गळती लागल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. पुढे त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं कारण दिलं, ते आपल्या लक्षात आहेच.

आणि एल्फिन्स्टन रोड? २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी तिथल्या पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. तिथे तर काहीच कोसळलं नव्हतं! पुलाचं लोखंड तपासून तो धोका कधीच दिसला नसता. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, माणसं वाढत गेली, जिना मात्र तेवढाच राहिला. हे कोणाला ठाऊक होतं? रोज सकाळी पर्स छातीशी धरून, अंगावर येणाऱ्या गर्दीतून तो जिना चढणाऱ्या बाईला. तिला विचारलं असतं तर पाच मिनिटांत तिने सांगितलं असतं. तिला विचारायची पद्धतच नव्हती.

या चार घटनांची कारणं वेगवेगळी आहेत. पण वापरणाऱ्यांकडे जे ज्ञान होतं त्याला पाहणीत जागा नव्हती किंवा त्याची दखल नव्हती, हे पुन्हा पुन्हा दिसतं.

आता सरकारी तक्त्यांकडे वळू. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने देशभरच्या पुलांची नोंद ठेवणारी एक यंत्रणा सुरू केली. तिच्यात लाखाहून जास्त पूल आणि मोऱ्यांची मोजदाद झाली. प्रत्येक पुलाला स्वतःचा क्रमांक, त्याचं ठिकाण, वय, लांबी-रुंदी, बांधकामाचा प्रकार, आणि बांधकामाच्या स्थितीला शून्य ते नऊ असे गुण. हे चांगलंच काम आहे, त्याची टिंगल करायची नाही. याच यंत्रणेत आणखी एक रकाना आहे. तो पुलाचं सामाजिक-आर्थिक महत्त्व ठरवतो. आसपासच्या भागातल्या रोजच्या व्यवहाराला हा पूल किती उपयोगी, यावरून त्याला गुण द्यायचे.

माझं बोट या रकान्यावर आहे. 'रोजचा व्यवहार' म्हणजे कोणाचा व्यवहार? ट्रक किती गेले, गाड्या किती गेल्या, हे मोजता येतं. डोक्यावर भारा घेऊन गेलेली बाई, पोराला अंगणवाडीत पोचवून परत आलेली बाई, सासूला दवाखान्यात नेणारी सून, यांचं महत्त्व कोण मोजणार? २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत दिसलं, की घरच्यांसाठी बिनमोलाचं घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि ते करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. घरासाठी केलेली ही पायपीट जर 'आर्थिक' धरलीच जात नसेल, तर ती ज्या पुलावरून होते त्या पुलाला गुण तरी कुठून मिळणार?

मी काम करते त्या भागात ओढ्यावरचे साकव पुष्कळ आहेत. महामार्गावरच्या पुलांच्या यादीत ते येत नाहीत. दोन वर्षांपूर्वी अशाच एका साकवाची पाहणी होती, आमच्या बचत गटाच्या बायका आणि मी तिथे होतो. आलेल्या साहेबांनी टेप लावून माप घेतलं, कठडा हलवून पाहिला, फोटो काढले. माणूस सभ्य होता, कामात कुचराई नव्हती. ते निघाले तेव्हा वाडीतल्या एक आजी म्हणाल्या, "पाणी कुठवर चढतं ते नाय विचारलंत?"

मग बायका बोलायला लागल्या. वरच्या अंगाच्या मोठ्या धोंड्याला पाणी लागलं की घटकाभरात साकवावर पाणी येतं, ही त्यांची खूण. त्या खुणेवर पोरांना शाळेतून बोलावून घ्यायचं की तिकडेच ठेवायचं, ते ठरतं. दिवस भरत आलेल्या बाईला आषाढ लागायच्या आधीच ओढ्यापलीकडे नातेवाइकांकडे नेऊन ठेवतात, कारण रात्री कळा सुरू झाल्या आणि साकव पाण्याखाली असला तर दवाखाना गाठता येत नाही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "ताई, खरं आहे तुमचं, पण फॉर्ममध्ये याला जागाच नाही."

ते खोटं बोलत नव्हते. फॉर्ममध्ये खरोखरच जागा नव्हती. मग प्रश्न असा, की फॉर्म ठरवतं कोण? आणि तो ठरायच्या आधी आपल्याला दाखवला का जात नाही?

यावर एक बाहेरचा दाखला देते. अमेरिकेत १९८० साली झालेला आणि १९९५ मध्ये सुधारलेला एक कायदा आहे. केंद्र सरकारच्या कुठल्याही खात्याला दहा किंवा अधिक लोकांना सारखेच प्रश्न विचारायचे असतील, तर आधी राजपत्रात तशी सूचना द्यावी लागते. काय विचारणार, कशासाठी, किती लोकांना, प्रत्येकाचा किती वेळ जाईल, हे त्यात जाहीर करायचं. ६० दिवस लोकांच्या हरकती आणि सूचना घ्यायच्या. नंतर दुसऱ्या एका सरकारी कचेरीची मंजुरी, आणि तिथेही लोकांना आणखी ३० दिवस. मंजुरीचा क्रमांक फॉर्मवर नसेल तर उत्तर न देणाऱ्यावर कारवाई करता येत नाही. धरणं, वीज, पाणी, वाहतूक, आरोग्य अशी १६ क्षेत्रं तिथे २०१३ च्या एका आदेशाने 'कळीची' म्हणून ठरवली गेली. त्यांच्या संरक्षणाचे कार्यक्रम सुधारण्यासाठी जी सर्वेक्षणं होतात, त्यांनाही हा नियम लागू होतो.

तिथे सगळं आलबेल आहे, असं मी म्हणत नाही. हे फॉर्म तिथेही मुख्यतः मालक, चालक आणि अधिकारी यांच्याकडेच जातात. धरणाखालच्या वस्तीतल्या बाईपर्यंत ते क्वचितच पोचत असतील. पण प्रश्न विचारण्याआधी प्रश्न लोकांसमोर ठेवायचा, ही कल्पना घेण्यासारखी आहे. आपल्याकडे कायद्याचा मसुदा ३० दिवस लोकांसाठी खुला ठेवावा, असं केंद्र सरकारचं २०१४ चं धोरण आहे. मग पाहणीच्या फॉर्मलाही तशीच वागणूक का नको?

आता दोन आक्षेप. पहिला असा, की हे तांत्रिक काम आहे, त्यात सामान्य बायकांचं काय? उत्तर सोपं आहे. तुळईचा गंज इंजिनिअरनेच तपासावा. गर्दी कधी होते, दिवा कधीपासून बंद आहे, पाणी कुठल्या दगडापर्यंत येतं, भिंतीतून ओल कधी वाढली, हे रोज तिथे असणाऱ्या माणसाने सांगावं. दोन्ही मिळून पाहणी पुरी होते. आपल्या चळवळीला हे नवीन नाही. कॅनडात टोरांटोच्या स्त्रियांनी १९८९ मध्ये 'सुरक्षा पाहणी'ची पद्धत तयार केली. बायकांनीच आपल्या रस्त्यांवरून, स्टेशनांवरून फिरायचं आणि नोंदी करायच्या. पुढे दिल्लीत 'जागोरी'ने ती आपल्या मातीत रुजवली. छेडछाडीसाठी वापरलेली ही पद्धत पुलासाठी, जिन्यासाठी, बंधाऱ्यासाठी का वापरू नये?

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. अशी माहिती उघडी केली तर घातपात करणाऱ्यांचं फावेल. यात तथ्य आहे. वीजकेंद्राचे नकाशे चव्हाट्यावर मांडा, असं कोणीच म्हणत नाही. माहिती अधिकाराच्या कायद्यातही देशाच्या सुरक्षेचा अपवाद आहेच. पण प्रश्नावली म्हणजे नकाशा नव्हे. आणि धरणाची भिंत गळते ही गोष्ट खालच्या गावापासून लपवून कोणाचं रक्षण होतं?

आणखी एक गोष्ट आपल्यातच बोलायची आहे. गावपातळीवरच्या कितीतरी सरकारी पाहण्या बायकांच्याच पायांवर चालतात. २०२० च्या कोरोनाच्या दिवसांत 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत दारोदार कोण फिरलं? आशाताई आणि अंगणवाडीताई. माहिती गोळा करायला बाई चालते, प्रश्न ठरवायच्या बैठकीत मात्र तिला खुर्ची नसते. म्हणून बायकांचं मत घ्या म्हणताना त्याचा भार पुन्हा याच ताईंवर, तोही फुकट, टाकला जाणार नाही याकडे आपल्याला डोळ्यांत तेल घालून पाहावं लागेल.

मग करायचं काय? मला चार गोष्टी सुचतात.

पूल, साकव, धरण, बंधारा, स्टेशनचा जिना यांच्या पाहणीचा नमुना फॉर्म पाहणीआधी महिनाभर ग्रामपंचायतीत, प्रभाग कार्यालयात, स्टेशनवर मराठीत लावावा, ही मागणी आपण लावून धरू या.

प्रत्येक पाहणीत वापरणाऱ्यांच्या जबाबाचा एक रकाना असावा, त्यात निम्मे जबाब बायकांचे असावेत, आणि अहवालाची प्रत गावात वाचून दाखवावी. धरण सुरक्षा कायदा २०२१ ने मोठ्या धरणांची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाहणी सक्तीची केली आहे. दहा मीटरहून कमी उंचीच्या भिंती मात्र त्या कायद्याबाहेर राहतात. तिथे तर गावाचीच नजर उपयोगी पडणार.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची आपल्याकडे तरतूद आहे. कित्येक गावांत ती कागदावरच होते. येत्या सभेत आपल्या गावातल्या धोक्याच्या जागांची यादी करा, ठराव म्हणून लिहून घ्या, आणि पोच घ्या. तोंडी तक्रार वाहून जाते, सहीशिक्क्याची राहते.

आणि माहिती अधिकाराचा अर्ज करा. या कायद्यात कागद मागण्याखेरीज प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, हे बऱ्याच गटांना माहीतच नसतं.

यातलं काहीच एका पावसाळ्यात होणार नाही. पण तुमच्या गावात, वस्तीत, स्टेशनवर तुम्ही अशी पाहणी केलीत, तर काय विचारलंत आणि काय सापडलं ते आम्हाला जरूर लिहून पाठवा. साध्या वहीच्या पानावर लिहिलंत तरी चालेल. आलेल्या नोंदींवरून बायकांनी केलेला एक नमुना फॉर्म पुढच्या अंकात छापायचा आणि तो संबंधित खात्यांना पाठवायचा, असं आम्ही ठरवलं आहे. त्यात पहिला प्रश्न त्या आजींचाच असेल: पाणी कुठवर चढतं?

तुमच्या पत्रांची वाट पाहते.

तुमची,
संपादक मंडळाच्या वतीने