तुमच्या नावावरचा दुसरा उतारा

पैठण रस्त्यावरच्या चितेगाव-बिडकीन पट्ट्यात सातबारा कसा वाचायचा हे कोणाला शिकवावे लागत नाही. इथे औद्योगिक वसाहतींसाठी जमिनी गेल्या, मावेजे आले, भावाभावांत वाटण्या झाल्या, आणि या सगळ्यात ‘इतर हक्क’ या रकान्यातला एक जुना बोजा किती अडवू शकतो हे घरोघर कळले. कर्ज फेडले म्हणून बोजा आपोआप उतरत नाही. बँकेकडून बेबाकी दाखला घ्यायचा, तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, फेरफार मंजूर होईपर्यंत खेटे घालायचे आणि शेवटी नवा उतारा काढून तो रकाना खरोखर रिकामा झाला का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे, हा शिरस्ता अडाणी म्हातारीलाही ठाऊक असतो. याच माणसांच्या नावावर आणखी एक उतारा निघतो. त्यात बोजे असतात, जुन्या नोंदी असतात आणि चुकाही असतात. तो मात्र वर्षानुवर्षे कोणी काढून पाहत नाही. सगळे विचारतात ते एवढेच, ‘तुझे सिबिल किती?’

हा प्रश्नच चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. सिबिल हे एका कंपनीचे नाव. 2000 साली ती स्थापन झाली, 2005 मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा आला, आणि आज देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका आणि वित्त कंपन्यांनी या चारही ठिकाणी सभासद व्हावे, असा रिझर्व्ह बँकेचा 2015 पासूनचा आदेश आहे. म्हणजे तुमच्या कर्जव्यवहारांचे उतारे चार आहेत, आणि एकात दुरुस्त असलेली नोंद दुसऱ्यात चुकलेली असू शकते. 300 ते 900 यांच्या मधला जो आकडा लोक एकमेकांना सांगतात, तो या उताऱ्यावरून काढलेला निष्कर्ष. तो कसा काढतात याचे नेमके गणित कंपन्या उघड करत नाहीत. आकडा पाहून हळहळणे म्हणजे डॉक्टरांनी दिलेला रिपोर्ट न उघडता पाकिटाच्या वजनावरून आजार ओळखण्यासारखे आहे. तरीही आकड्याचा दरारा असा, की नवऱ्या मुलाचा सिबिल स्कोअर खराब निघाला म्हणून ठरत आलेले लग्न मोडल्याची बातमी 2025 च्या सुरुवातीला अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरहून आली आणि राज्यभर चवीने चघळली गेली. तो आकडा कोणत्या नोंदीमुळे घसरला होता, हे त्या चर्चेत कोणी विचारल्याचे दिसले नाही.

उतारा उघडला की दिसते ते असे. वर नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते, फोन नंबर. खाली एकेका कर्जाचा खण. प्रत्येक खणात महिन्यांची छोटी छोटी घरे, साधारण मागच्या 36 महिन्यांची. हप्ता वेळेवर गेला तर घरात 000 असते. 030 असेल तर हप्ता तीस दिवस थकला. एसटीडी लिहिले असेल तर खाते अजून नियमित धरले आहे (टेलिफोन बूथच्या दिवसांची आठवण काढू नये), आणि एक्सएक्सएक्स असेल तर बँकेने त्या महिन्याची माहितीच पाठवलेली नाही. खण संपतो तिथे खात्याची स्थिती लिहिलेली असते, आणि सगळी गोम तिथेच आहे. ‘क्लोज्ड’ म्हणजे पूर्ण फेडले. ‘सेटल्ड’ म्हणजे तडजोड करून बँकेने काही रक्कम सोडून दिली. एकरकमी परतफेड योजनेत सवलत घेतलेल्या माणसाला वाटते की आपण मोकळे झालो. उताऱ्याच्या दृष्टीने तो अर्धाच मोकळा झालेला असतो. तडजोड करू नये असे मी म्हणत नाही. गळ्याशी आलेल्याला ती करावीच लागते. पण सही करण्याआधी खात्यापुढे कोणता शब्द पडणार आहे हे विचारून घ्यावे, कारण अशी माहिती किमान सात वर्षे जपून ठेवण्याचा दंडक आहे.

शेवटी चौकशांची यादी येते. कोणत्या बँकेने किंवा कंपनीने, कोणत्या तारखेला, किती कर्जासाठी तुमचा उतारा मागवला हे त्यात असते. मोबाइलच्या दुकानात ‘बघू तरी, हप्त्यावर बसते का’ म्हणून दिलेले पॅनकार्ड इथे नोंद सोडून जाते. तुम्ही कधीच न मागितलेल्या कर्जाची चौकशी इथे दिसली, तर तुमची कागदपत्रे दुसरे कोणी वापरत असल्याची ती पहिली खूण. आणि आपल्याकडच्या भिडेखातर घडणाऱ्या गोष्टीचा हिशेबही इथेच उघडा पडतो. मेहुण्याच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलात, तर ते कर्ज तुमच्या उताऱ्यावर जामीनदार म्हणून उभे असते. मेहुण्याने हप्ता चुकवला की डाग तुम्हालाही लागतो, आणि तसे सांगणारा फोन येईलच याची खात्री नसते.

यावर चितेगावातून येणारा पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो तोडीस तोड आहे. व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजचे नोंदणीकृत कार्यालय याच गावाच्या हद्दीत. कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. समूहातल्या 13 कंपन्यांवरचे मान्य झालेले दावे 64 हजार 838 कोटी रुपयांचे होते. जून 2021 मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने जी योजना मंजूर केली, तीत घेणेकऱ्यांच्या पदरात पडणार होते 2 हजार 962 कोटी, म्हणजे रुपयामागे जेमतेम चार पैसे. कंपनी विकत घेणाऱ्याने जवळजवळ काहीच दिलेले नाही, असा शेरा खुद्द न्यायाधिकरणाने मारला. जानेवारी 2022 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली. मग ज्याच्या दारात हजारो कोटी बुडाले, त्याने मोटारसायकलचा दोन हजारांचा हप्ता पंधरा दिवस थकला म्हणून घाबरून का राहावे?

आक्षेपातला राग मला पूर्ण मान्य आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. मोठ्या कंपनीचे कर्ज बुडते तेव्हा वकील, लेखापरीक्षक आणि सल्लागार यांची फौज तिच्या बाजूने कारणे मांडायला उभी राहते. घेणेकऱ्यांची समिती बसते, मुदती वाढवून मिळतात. कारखान्याची भट्टी थंडावते, कामगाराचा पगार लांबतो, आणि त्याचा हप्ता चुकतो, तेव्हा त्याच्या उताऱ्यावर फक्त 030, 060, 090 असे आकडे चढत जातात. पगार का थांबला याला त्या घरात जागाच नाही. उतारा दिवस मोजतो, कारण विचारत नाही. व्यवस्था इतकी एकतर्फी आहे म्हणूनच सामान्य माणसाने तिची कागदपत्रे जास्त बारकाईने वाचायला हवीत. त्याच्या वतीने ती वाचणारे दुसरे कोणी नाही. नोकरीच्या दारातही आता हा कागद मागतात. सरकारी बँकांच्या भरतीत उमेदवाराचा पतइतिहास पाहिला जातो. बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगाराचा मुलगा त्या परीक्षेला बसला, तर शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे थकलेले हप्ते आधी त्याच्या पुढ्यात येतात.

दुसरा आक्षेप शेतकऱ्यांचा. सरकारच सांगते की पीककर्जाला सिबिल लागत नाही, मग ही कटकट कशाला? मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे 2025 मध्ये बँकर्स समितीच्या बैठकीत, पीककर्जासाठी सिबिलची अट घालणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करण्याची ताकीद दिली. उपमुख्यमंत्री असतानाही ते हेच बोलले होते. तीच ताकीद पुन्हा द्यावी लागली, यावरून शाखेत तिचे काय होत असेल ते ओळखावे. शिवाय ताकीद पीककर्जापुरती. ठिबकसाठीचे कर्ज, ट्रॅक्टर, मोसंबीच्या बागेचे मुदत कर्ज, मुलीच्या नर्सिंगची फी, यांतले काहीही पीककर्ज नाही. किमान अमुक स्कोअर हवाच असे रिझर्व्ह बँकेने कुठेही ठरवून दिलेले नाही हे खरे. पण प्रत्येक बँक आपले धोरण आखते आणि त्यात हा आकडा बसवते. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला इतिहास नाही एवढ्याच कारणाने परत पाठवू नये, असेही रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे. काउंटरवर हे वाक्य उच्चारून पाहायला हरकत नाही.

इथे एक अन्याय कोणाच्या फारसा लक्षात येत नाही. आपल्याकडचा मोठा व्यवहार पतसंस्थांतून चालतो. 2005 च्या कायद्यात ज्यांना कर्ज देणाऱ्या संस्था मानले आहे, त्यांत सहकारी बँका येतात. गल्लीतली नागरी सहकारी पतसंस्था त्यात येत नाही. म्हणून दहा वर्षे पतसंस्थेचा एकही हप्ता न चुकवलेली भाजीविक्रेती या उताऱ्यावर कोरी असते. बचत गटातल्या ज्या बाईने सूक्ष्मवित्त कंपनीकडून कर्ज उचलले, तिची नोंद मात्र होते, आणि गटातल्या चौघींच्या भांडणात थकलेला हप्ताही तिच्याच नावापुढे येतो. नवऱ्याने तिच्या नावावर काढलेले कर्ज तिला अनेकदा या कागदावरच पहिल्यांदा दिसते. घरातल्या बायकांचे उतारे आधी काढा, असे मी म्हणतो ते यासाठी.

‘उतारा पाहिला की स्कोअर कमी होतो’ ही तिसरी शंका निव्वळ अफवा आहे. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने काही होत नाही. कर्जासाठी बँकेने मागवला तरच ती चौकशी मोजली जाते. ‘पाच हजारांत सिबिल वाढवून देतो’ म्हणणाऱ्यांविषयी मात्र शंका ठेवायचेही कारण नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेने दुजोरा दिल्याशिवाय पतमाहिती कंपनी नोंद बदलू शकत नाही. एजंट जे करतो ते तुम्ही फुकट करू शकता, आणि खरी नोंद पुसणे त्यालाही शक्य नसते.

चुकीच्या नोंदीसाठी मात्र कायद्याने आता थोडे दात दिले आहेत. तक्रार केल्यावर बँकेने 21 दिवसांत दुरुस्त माहिती पाठवायची आणि एकूण 30 दिवसांत निकाल लागायचा. नाही लागला, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तक्रारदाराला मिळायला हवी, असा ऑक्टोबर 2023 चा आदेश एप्रिल 2024 पासून लागू आहे. तुमचा उतारा कोणी मागवला की तुम्हाला मेसेज किंवा ई-मेल जायला हवा, हा आदेशही तेव्हाचाच. म्हणून उताऱ्यावरचा मोबाइल नंबर जुना असेल, तर पहिली दुरुस्ती तीच. 1 जानेवारी 2025 पासून बँकांना महिन्यातून निदान दोनदा माहिती पाठवणे बंधनकारक झाले. त्यामुळे फेडलेले कर्ज सहा महिने ‘चालू’ दिसत असेल, तर ‘साहेब, सिस्टीमला वेळ लागतो’ हे उत्तर आता ऐकून घेऊ नये. बँकेने आणि पतमाहिती कंपनीने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सप्टेंबर 2022 पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. माहितीसाठी फोन 14448, तक्रारीला पैसे पडत नाहीत, वकीलही लागत नाही. लागतो तो बेबाकी दाखला, हप्त्यांच्या पावत्या आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवलेली वही.

चारही कंपन्यांनी प्रत्येक माणसाला दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण रिपोर्ट स्कोअरसह मोफत द्यायचा, हा नियम 2017 पासून आहे. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जायचे. ‘फ्री स्कोअर’च्या जाहिरातीवर बोट ठेवले तर कर्ज विकणाऱ्यांचे फोन सुरू होतात. चार कंपन्यांचे चार रिपोर्ट एकदम न काढता दर तीन महिन्यांनी एक काढला, तर वर्षभर लक्ष राहते आणि खिशातून रुपया जात नाही. यंदाचा मोफत रिपोर्ट मागितला नाही, तर तो 31 डिसेंबरला बुडतो. पुढच्या वर्षी त्याच्याबदली दोन मिळत नाहीत.