परधर्माचा पाठ

चिरंजीवांच्या आग्रहावरून गेल्या हिवाळ्यांत आम्ही उभयतां तीन महिने इंग्लंडांत राहून आलों. प्रवासवर्णन लिहून वाचकांस शिणविण्याचा माझा विचार नाहीं. तीं उदंड झालीं आहेत. परंतु तेथें आमच्या घरांत एक प्रश्न उभा राहिला. ज्यांचीं नातवंडें परदेशीं शिकतात, किंबहुना येथेंच मिशनच्या शाळेंत जातात, त्या सर्वांचाच तो प्रश्न असल्यामुळें आज तो आपणांपुढें ठेवतों.

नातू सात वर्षांचा. घराजवळची चांगली शाळा चर्चची, म्हणून तींत घातलेला. तिकडे यांत नवल कांहींच नाहीं. इंग्लंडांतील प्राथमिक शाळांपैकीं सुमारें चौथा हिस्सा तेथील राष्ट्रीय चर्चच्या आहेत. सरकारनें सार्वत्रिक शिक्षणाचा भार १८७० च्या कायद्यानें अंगावर घेण्यास आरंभ केला. त्याच्या आधीं जवळजवळ साठ वर्षें, म्हणजे १८११ पासून, चर्चची ‘नॅशनल सोसायटी’ गांवोगांव शाळा काढीत होती. तो वारसा अद्याप चालूं आहे.

एके दिवशीं नातू नाचत घरीं आला. “आजोबा, मी मेंढपाळ होणार!” नाताळापूर्वीं शाळेंत ख्रिस्तजन्माचें नाटक व्हावयाचें होतें, त्यांतील ही भूमिका. शिवाय धर्मशिक्षणाचा तासही नियमानें असे. हें ऐकून माझ्या मनांत चर्र झालें. जन्मभर वर्ग चालविलेल्या माणसाला एवढें पक्कें ठाऊक असतें कीं, सात वर्षांच्या मुलाला गुरुजींचें सांगणें घरच्या सांगण्याहून खरें वाटतें. मीं चिरंजीवांस म्हटलें, “त्या तासाला याला बसवूं नकोस. मुलाला काढून घेण्याचा हक्क पालकास कायद्यानें आहे, असें तूंच सांगतोस ना?”

हक्क आहे, हें खरेंच. चिरंजीव खालीं मान घालून बसले. सूनबाई मात्र हळूच म्हणाली, “मामंजी, तेवढा वेळ त्याला एकट्याला दुसरीकडे बसवतील. ‘मलाच कां उठवलें?’ असें त्यानें विचारलें, तर काय सांगूं? आधीं एकदां त्याच्या बाईंना भेटाल का?”

गेलों. बाई तरुण, स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती. त्यांनीं अभ्यासक्रम दाखविला व सर्व नीट समजावून सांगितलें. चर्चच्या शाळा मुख्यतः दोन प्रकारच्या. एका प्रकारांत धर्मशिक्षण काय द्यावयाचें हें शाळेचे नियामक आपल्या पंथास अनुसरून ठरवितात. दुसऱ्यांत स्थानिक समितीनें सर्वांच्या संमतीनें ठरविलेला अभ्यासक्रम असतो. आमची शाळा दुसऱ्या प्रकारची. १९४४ च्या कायद्यांत या विषयाचें इंग्रजी नांव ‘धार्मिक उपदेश’ अशा अर्थाचें होतें. १९८८ च्या कायद्यानें तें ‘धर्मशिक्षण’ असें झालें. ख्रिस्ती धर्माला प्राधान्य राहिलें, पण इतर प्रमुख धर्मांची शिकवण व आचार यांचीही दखल घेतली पाहिजे, असें ठरलें. बर्मिंगहॅम शहरानें तर १९७५ सालींच आपल्या अभ्यासक्रमांत इतर धर्म आणले होते.

मग मीं एक तास मागें बसून ऐकला. बाई एकदांही “असें आहे” म्हणाल्या नाहींत. प्रत्येक वेळीं “ख्रिस्ती लोक असें मानतात”, “हिंदु लोक असें मानतात.” स्वतःची श्रद्धा त्यांनीं लपविली नाहीं, आणि मुलांवर लादलीही नाहीं. त्या महिन्यांत विषय होता देवानें मनुष्यदेह धारण केल्याचा. २०१६ सालीं निघालेल्या, तेथील पुष्कळ शाळांत चालणाऱ्या एका पाठमालेंत ख्रिस्ती धर्माच्या आठ मूलकल्पना घेतल्या आहेत, त्यांपैकीं ही एक. मला राहवेना. मीं म्हटलें, “हा तर आमचा अवतार!” बाई म्हणाल्या, “मग पुढच्या तासाला आपणच कां सांगत नाहीं?”

वाचकहो, येथें माझी फजिती झाली. मीं दशावतारांचीं नांवें सांगितलीं, गीतेंतील श्लोक खड्या आवाजांत म्हटले. मुलें कौतुकानें ऐकत होतीं. इतक्यांत एका चिमुरडीनें हात वर केला : “तुमचा देव पुनःपुन्हां कां येतो? पहिल्या वेळीं काम पुरें झालें नाहीं का?” श्लोक पाठ, भाष्य पाठ, परंतु सात वर्षांच्या जीवाला पटेल असें एक वाक्य मला सुचेना. दोष माझ्या मोडक्या इंग्रजीवर ढकलतां आला असता, पण तें खरें नव्हे; मराठींतही मला तें सांगतां आलें नसतें. नातू माझ्याकडे पाहत होता. शेवटीं बाईंनीं सांवरून घेतलें. देव एकदांच आला असें ख्रिस्ती मानतात व धर्माची घडी विसकटेल त्या त्या वेळीं तो येतो असें हिंदु मानतात, हा भेद त्यांनीं कोणास कमी न लेखतां मांडला.

घरीं परततांना माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ आठवला. म. म. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनीं ज्यावर टीका लिहिली, तोच हा ग्रंथ. वेदान्ती ग्रंथकारानें आरंभ केला तो चार्वाकापासून, आणि वेद न मानणाऱ्या त्या मताची बाजूही आधीं नीट मांडली. पूर्वपक्ष प्रामाणिकपणें सांगावा, ही रीत आपलीच. ती त्या बाईंच्या वर्गांत जिवंत दिसली, आणि तिच्याच भयानें मी नातवाला बाहेर बसवावयास निघालों होतों!

तथापि एक भेद मी सोडीत नाहीं. धर्माविषयींचा पाठ निराळा, आणि शाळेची रोजची सामुदायिक प्रार्थना निराळी. पाठांत मुलगा जाणतो. प्रार्थनेंत तो कांहीं कबूल करतो. म्हणून आम्हीं असें ठरविलें कीं, नातवानें तासाला बसावें, नाटकांत मेंढपाळही व्हावें. प्रार्थनेच्या वेळीं मात्र इतरांचा मान राखून स्वस्थ बसावें, शब्द उच्चारूं नयेत. बाईंनीं तें आनंदानें मान्य केलें. आपल्याकडेही संविधानाच्या २८ व्या कलमान्वयें, सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत अज्ञान मुलास पालकाच्या संमतीवांचून धार्मिक शिक्षणास वा उपासनेस बसवितां येत नाहीं. तो हक्क अवश्य ओळखावा. पण तो वापरण्यापूर्वीं पुस्तक पाहावें, गुरुजींस भेटावें, आणि आपल्या देवघरांत आपण मुलाला काय समजावून सांगतों, याचाही हिशेब घ्यावा.

त्या दिवशीं सायंकाळीं नातवानें विचारलेंच, “आजोबा, तिला काय उत्तर द्यायचें होतें?” मी शब्द जुळवीत बसलों. समईंत तेल घालतां घालतां आमच्या घरांतून उत्तर आलें : “अरे बाळा, समई मीं काल लावली होती ना? मग आज पुन्हां कां लावतें? तेल सरतें, वात काजळते म्हणून. जगाचेंही तसेंच.”

दुसऱ्या दिवशीं नातवानें तें शाळेंत सांगितलें. चाळीस वर्षें संस्कृत शिकविलेल्या मीं तें आधीं वहींत उतरून घेतलें होतें.