मजुरी घेईन, मत विकणार नाही

पैसे घेऊन लिहितो. हो, घेतो. कुणाच्या बापाचं चोरलेलं नाही.

इंटरनेटवर माझं स्वतःचं एक पान आहे. ब्लॉग म्हणतात त्याला. सिनेमा, मोबाईल, भरतीच्या परीक्षा, चेंबूर-गोवंडीकडच्या खाणावळी, सुचेल ते मी तिथं लिहीत आलो. वाचणारी पोरं वाढली तसे कंपन्यांचे दलाल यायला लागले. आमच्या मालाबद्दल पाचशे शब्द लिहा, अमुक पैसे देतो. याला आता ‘स्पॉन्सर्ड पोस्ट’ असं गुळगुळीत नाव आहे. साध्या मराठीत, पैसे देऊन लिहून घेतलेला मजकूर.

यावरून आपल्यातलेच दोन प्रकारचे लोक मला दोन बाजूंनी धरतात. एक म्हणतात, लेखणी विकलीस. दुसरे म्हणतात, मिळतंय तर ओरपून घे, कंपनी सांगेल ते लिही, उद्या कोण विचारतंय. दोघांशीही माझं भांडण आहे.

आधी पहिल्यांशी. लेखन म्हणजे साधना, त्याला पैशाचा विटाळ नको, हे बोलणं कुणाला परवडतं? ज्याच्या आज्यानं पेठेत वाडा ठेवला, बापानं पेन्शन ठेवली, त्याला. आमच्या आज्यानं कर्ज ठेवलं. माझी आई लोकांच्या घरची भांडी घासते, ती महिन्याचा पगार मोजून घेते, तेव्हा तिला कुणी म्हणत नाही की बाई तुम्ही भांडी विकली. मी रात्री जागून पाचशे शब्द लिहितो, दोनदा खोडतो, फोटो काढतो, त्याचे आठशे रुपये घेतले की लगेच लेखणी विकली? श्रम म्हटला की मजुरी आली. फुकटात राबायची सवय आपल्याला हजारो वर्षं लावली होती, ती आता लेखक झालो म्हणून पुन्हा लावून घ्यायची का?

आणि इतिहास बघ ना, दोस्त. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिलं आणि दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलं. लिहिणाऱ्याला बक्षीस देणारी कमिटी होती ती. कमिटीनं ते नाकारलं. शाहू महाराजांनी ‘मूकनायक’साठी अडीच हजार रुपये दिले, ते बाबासाहेबांनी घेतले आणि ३१ जानेवारी १९२० ला पत्र निघालं. त्याच ‘मूकनायक’ची जाहिरात छापायला ‘केसरी’नं नकार दिला. फुकट नव्हे, पैसे मोजून देत असताना. हे बाबासाहेबांनीच पुढं ‘बहिष्कृत भारत’मध्ये लिहून ठेवलंय. म्हणजे जाहिरातीचा पैसा कधी अस्पृश्य नव्हता. अस्पृश्य आपण होतो. पुढं ‘बहिष्कृत भारत’चे कॉलमच्या कॉलम त्यांनी एकट्यानं लिहून काढले, कारण पगारी माणसं ठेवायला पैसा नव्हता. १९२९ मध्ये ते पत्र बंद पडलं. वर्गणी थकवणाऱ्यांनी कृपा करून मला लेखणीचं पावित्र्य शिकवू नये.

इथं एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण आपली पोरं इथंच सर्वात जास्त फसतात. पुष्कळ कंपन्या रोख देतच नाहीत. वस्तू पाठवतात. कानात घालायची यंत्रं, फेसवॉश, बूट, एका वेळचं जेवण. ‘ट्राय करा आणि आवडलं तर लिहा.’ पोरगं खूश. फुकटात आलं! अरे, हे बलुतं आहे. काम करून घ्यायचं, दाम ठरवायचा नाही, आणि मालकाच्या मर्जीनं पदरात काय पडेल ते घ्यायचं. येसकराच्या घोंगडीत पडायचं तेच आता कुरियरनं येतंय, एवढाच फरक. गावकीची कामं आणि त्या बदल्यातलं शिळंपाकं सोडा म्हणून आपल्या लोकांनी काय काय सोसलं, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचार. मी वस्तू घेत नाही. भाव सांगतो, नगद सांगतो. न पटलं तर रामराम नाही, जयभीम.

आता दुसऱ्या बाजूला वळतो. सांगेल ते लिही म्हणणाऱ्यांना कंपनी नक्की काय विकत घेते हेच ठाऊक नसतं. त्यांना वाटतं ती माझे पाचशे शब्द घेते. पाचशे शब्द तिला कुठंही मिळतात, आता तर यंत्रही लिहून देतं.

ती घेते दोन गोष्टी. पहिली समजायला थोडी किचकट आहे, म्हणून सावकाश सांगतो. गुगलवर काही शोधलं की हजारो पानांपैकी कुठलं वर यायचं आणि कुठलं खाली, हे गुगल कसं ठरवतं? १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी जी युक्ती मांडली तिचा गाभा असा, की एखाद्या पानाकडे दुसऱ्या किती पानांनी बोट दाखवलंय, आणि बोट दाखवणाऱ्यांची स्वतःची पत काय आहे, ते मोजायचं. हे बोट म्हणजे लिंक. गुगलनं स्वतःच त्याला मताची उपमा दिली होती. मी माझ्या पानावरून कुणाकडे लिंक दिली की मी त्याला मत दिलं. आज मोजणीत आणखी पुष्कळ गोष्टी आल्या, तरी मताची किंमत संपलेली नाही.

म्हणजे कंपनीचा दलाल माझ्याकडे येतो तो मत विकत घ्यायला येतो. वाचणारी दहाच माणसं असली तरी त्याला चालतं. त्याला फक्त ती लिंक हवी, त्यानं सांगितलेल्या शब्दावर हवी, आणि ती वर्षानुवर्षं तिथं राहायला हवी. वस्तीत मतदानाच्या आदल्या रात्री पाचशेची नोट आणि क्वार्टर वाटत फिरणारा जो असतो, त्याचाच हा शिकलेला भाऊ. बोटाला शाई लावायचा हक्क आपल्याला आयता मिळाला नाही. १९१९ मध्ये साउथबरो कमिटीपुढं बाबासाहेबांनी साक्ष दिली ती ह्या मतासाठी. वस्तीत मत विकणाऱ्याला आपण शिव्या घालतो आणि घरी येऊन ब्लॉगवर तेच करतो, हे कसं जमायचं?

यावर उपाय आहे, आणि तो गुगलनंच करून ठेवलाय. २००५ मध्ये लिंकवर ‘नोफॉलो’ अशी खूण लावायची सोय आली, २०१९ मध्ये खास पैसे घेतलेल्या लिंकसाठी ‘स्पॉन्सर्ड’ ही वेगळी खूण आली. खूण लावली की आपण गुगलला सांगतो, ही जाहिरात आहे, मतात धरू नका. लिंक राहते, वाचणाऱ्याला दाबता येते, कंपनीचा माल त्याला दिसतो, माझी मजुरी मला मिळते. फक्त मत विकलं जात नाही. मी दलालाला हे सांगतो तेव्हा दहातले आठ परत फिरतात. तिथंच कळतं की त्यांना जाहिरात नकोच होती. त्यांना माझ्या तोंडून निघालेलं, पैसे न घेता बोलल्यासारखं दिसणारं बोलणं हवं होतं. गंमत म्हणजे २००९ मध्ये खुद्द गुगलच्या जपानमधल्या कंपनीनंच ब्लॉगवाल्यांना पैसे देऊन आपल्याबद्दल लिहून घेतलं. बोंब झाली तेव्हा माफी मागितली, आणि गुगलला आपल्याच जपानी पानाची पत खाली आणावी लागली. मालकालाही मोह आवरला नाही तिथं आपली काय कथा.

दुसरी गोष्ट तो घेतो ती माझी नाहीच. ती वाचणाऱ्याची आहे. त्याचा विश्वास. माझ्या पानावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं येतात. मैदानावरून घरी आल्यावर एकाच फोनवर तिघं वाचतात. ‘दादा, ही अकॅडमी चांगली आहे का?’ असं विचारतात. मी चांगली म्हटलं की पोरगा बापाकडे फीचे पैसे मागतो. बाप नाक्यावर उभा राहणारा. ते पैसे त्या वर्षात परत उभे राहत नाहीत. त्या अकॅडमीनं मला पैसे दिलेत हे त्याला सांगितलं तर तो माझं बोलणं तेवढं वजा करून ऐकेल, तेवढा तो हुशार आहे. न सांगता म्हटलं, तर मी मजूर राहिलो नाही. मी त्या बापाच्या खिशात हात घातला.

अशाच एका कर्ज देणाऱ्या ॲपचा दलाल आला होता. नाव सांगत नाही. नेहमीच्या तिप्पट देतो म्हणाला. अट एकच, वर जाहिरात म्हणून लिहायचं नाही, ‘मला अडचणीत कसा उपयोग झाला’ असं अनुभवाच्या भाषेत लिहायचं. मी त्या ॲपचं तोंडही बघितलेलं नव्हतं. २०२० च्या टाळेबंदीनंतर अशा झटपट कर्जवाल्यांनी वसुलीसाठी लोकांच्या फोनमधले नंबर काढून नातेवाइकांना शिव्या घातल्या, बायाबापड्यांचे फोटो बिघडवून फिरवले, माणसांनी जीव दिले. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेला डिजिटल कर्जाचे नियम करावे लागले. त्या दलालाला मी काय बोललो ते छापण्यासारखं नाही.

काही कामं मी जाहिरात म्हणून वर लिहूनही घेत नाही. कर्जाची ॲप घेत नाही. रमी आणि सट्टा घेतला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर कायद्यानंच बंदी घातली, पण त्याआधी कैक वर्षं मोठमोठे नट आणि क्रिकेटवाले उजळ माथ्यानं ते विकत होते. आणि गोरं करणारी क्रीम घेत नाही. १९७५ पासून ‘फेअर अँड लव्हली’ नावानं विकलेल्या क्रीमचं २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. नाव बदललं म्हणून माझ्या बहिणीचा काळा रंग एकदम कंपनीच्या डोळ्यांत सुंदर झाला, असं मी पैसे घेऊन तरी कसं लिहू?

कुणी म्हणेल, मोठी वर्तमानपत्रं करतात ते चालतं आणि आम्ही गरीब पोरांनी केलं की नीती. बरोबर आहे तुझं, त्यांच्याकडून नीती शिकूच नये. २००९ च्या निवडणुकांत महाराष्ट्रात उमेदवारांचं पॅकेज घेऊन बातम्या छापल्या गेल्या, तोच स्तुतीचा मजकूर वेगवेगळ्या पेपरांत शब्दाला शब्द जुळला. पी. साईनाथांनी ते उघड केलं. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं ७१ पानी अहवाल लिहिला, तर कौन्सिलनं तो पुरता बाहेरच काढला नाही. २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगानं सांगितल्यावर आला. पत्रकारिता हा आता साबण करण्यासारखा धंदा झालाय, अशा अर्थाचं बाबासाहेब १९४३ मध्येच लिहून गेलेत. तेव्हा ह्या लोकांचं बघून आपण शहाणं व्हायचं असेल तर उलट्या बाजूनं.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत २००६ मध्ये ‘पेपरपोस्ट’ नावाच्या कंपनीनं ब्लॉगवाल्यांना पैसे देऊन लिहून घ्यायचा बाजारच मांडला, आणि २००९ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाला सांगावं लागलं की पैसे किंवा वस्तू घेतली असेल तर तसं लिहा. आपल्याकडे जाहिरातवाल्यांच्याच ‘ॲस्की’ संस्थेनं २०२१ मध्ये तसे नियम केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत, आणि तो शिफारस करणाऱ्यालाही लागतो. २०२३ मध्ये सरकारनं नाव घेऊन नटांना आणि सोशल मीडियावाल्यांना हे बजावलं. दंड भरायची वेळ आली तर नट वकील लावील. तू काय लावशील?

पण दंडाच्या भीतीनं कुठं तरी तळाला, बारीक अक्षरात, ‘कोलॅब’ किंवा ‘पार्टनर’ असलं इंग्रजी शेपूट लावलं की काम झालं, असं समजू नकोस. ते शब्द लपवण्यासाठीच शोधलेत. माझ्या पानावर पहिल्याच ओळीत, मराठीत, ठळक असतं: ‘ही जाहिरात आहे. मी हिचे पैसे घेतले आहेत.’ आणि माल वापरून वाईट निघाला तर तसंही लिहीन, ही अट पैसे घेण्याआधी घालतो. यानं काम कमी मिळतं. महिन्याला दोन मिळाली तर डोक्यावरून पाणी. खोलीचं भाडं यातून निघत नाही, लाईट बिल आणि इंटरनेट निघतं. मग दिवसा कुरियरच्या गोदामात उभा राहतो.

राहिला हिशोबाचा प्रश्न, बरीच पोरं विचारतात म्हणून. हे उत्पन्न आहे, वही ठेवायची. कुणी किती दिले, कधी दिले. वस्तू घेतलीस तरी सुटका नाही, १ जुलै २०२२ पासून धंद्याच्या निमित्तानं वर्षाला वीस हजारांहून जास्तीची वस्तू किंवा सोय दिली तर देणाऱ्यानं त्यावर दहा टक्के कर कापायचा, असा नियम आला. म्हणजे सरकारनंसुद्धा बलुत्याची किंमत लावली. पॅन कार्ड काढून ठेव, आणि दलालाशी बोलणं फोनवर नको, लेखी कर. फोनवर ठरलेले माझे दोन लेखांचे पैसे अजून यायचेत.