पाठीराख्यांवाचूनचा हंगाम

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरू लागतो, तेव्हा नंदुरबार जिल्ह्यातील महाविद्यालयांचा क्रीडाहंगाम जवळजवळ आटोपलेला असतो. आंतरमहाविद्यालयीन सामने संपलेले असतात, विद्यापीठाचे संघ पश्चिम विभागीय स्पर्धांच्या तयारीला लागलेले असतात, आणि ज्याची निवड झाली नाही तो खेळाडू गणवेश जिमखान्याच्या कपाटात जमा करून गावी निघून जातो. हंगाम संपल्याची हळहळ कोणालाच वाटत नाही. कारण तो सुरू झाला होता हेच मुळी फारसे कोणाला ठाऊक नसते. कबड्डीत, खो-खोत किंवा फुटबॉलमध्ये महाविद्यालयाचा संघ जिंकला की हरला, हे त्याच महाविद्यालयाच्या मागच्या बाकावरील विद्यार्थ्याला सूचनाफलकावरच्या चार ओळींतून कळले तर कळते. संघ आहे, खेळाडू आहेत, सामनेही होतात. पाठीराखा तेवढा नाही.

यावर ‘बरेच झाले’ असे म्हणणारा एक वर्ग खुद्द पुरोगामी चळवळीत आहे. क्रीडावेड ही भांडवलशाहीने तरुणांना पाजलेली अफू होय, झेंडे नाचवून घसा फोडणाऱ्या पोरांची ती ताकद मोर्च्यात आली असती तर समाजाचे कल्याण झाले असते, असा या मंडळींचा युक्तिवाद असतो. त्यातील अर्धा भाग खरा आहे. पण महाविद्यालयाच्या संघामागे पोरे उभी राहिली नाहीत म्हणून ती मोर्च्याला आली, असे नंदुरबारात घडले आहे काय? तळोद्याच्या ज्या तरुणाला आपल्या वर्गमित्राची चढाई कधी पाहायला मिळाली नाही, त्याला आयपीएलच्या लिलावातील खेळाडूंच्या किमती तोंडपाठ असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तोवर अशा कितीतरी तरुणांच्या खिशातले पैसे या संघांच्या नावाने मोबाइलवरून वाहून जात होते. संघनिष्ठेची जागा रिकामी राहिलीच नाही. ती दुसऱ्याने बळकावली, आणि बळकावणाऱ्याचा नंदुरबारशी संबंध गिऱ्हाइकापुरताच आहे.

या तुच्छतेला समाजवादी परंपरेचा आधारही नाही. १९३१ साली व्हिएन्नात कामगारांचे ऑलिंपिक भरले, ते युरोपातील समाजवादी क्रीडासंघटनांनी भरवले होते. १९३३ साली हिटलर सत्तेवर येताच जर्मनीतील कामगार क्रीडासंघटना मोडून काढण्यात आल्या. धावण्या-पोहण्याची भीती नाझींना नव्हती, कामगार आपल्या झेंड्याखाली एकत्र जमतात याची होती. महाराष्ट्रात १९४१ साली नव्या जोमाने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाची शाखा मैदानावर भरे, आणि त्या शाखेत बौद्धिकाइतकेच खेळाला स्थान असे. सी. एल. आर. जेम्स या त्रिनिदादच्या मार्क्सवादी विचारवंताला १९६३ साली क्रिकेटवर ग्रंथ लिहिताना कमीपणा वाटला नाही. इतके लांब तरी कशाला जायचे? १९७० नंतरच्या वर्षांत, हा मुलूख धुळे जिल्ह्यात होता तेव्हा, शहाद्याच्या परिसरात अंबरसिंग सुरतवंती यांनी आदिवासींना जमिनीच्या लढ्यासाठी उभे केले. भजनात दंग होणाऱ्या माणसांना अडाणी ठरवून त्यांनी आरंभ केला नाही. लोक जेथे रात्री जमत होते तेथेच ते जाऊन बसले. १९७२ च्या श्रमिक संघटनेची मुळे त्या बैठकांत आहेत. आज लोक कोठे जमतात, याचा शोध घेण्याऐवजी त्यांनी कोठे जमावे याचे प्रवचन देण्यात कार्यकर्त्यांचा वेळ अधिक जातो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाठीराखा हा मोठा विलक्षण ग्राहक आहे. साबणाची किंमत वाढली तर ग्राहक दुसरा साबण घेतो. संघ सलग तीन वर्षे हरला म्हणून पाठीराखा दुसरा संघ घेत नाही. उलट अधिकच हट्टाने त्याला चिकटून राहतो. त्याच्या मागणीला लवचिकता म्हणून नाही. हंगामाच्या अखेरच्या सामन्यानंतर त्याला जी पोकळी जाणवते, पुढच्या हंगामापर्यंतचे महिने तो ज्या रीतीने मोजत राहतो, तीच या मागणीच्या पक्केपणाची खूण. साहजिकच ज्याच्या हाती संघाची मालकी, त्याला बांधलेले गिऱ्हाईक आयते मिळते आणि मक्तेदारीचा खंड वसूल करता येतो. वस्ती वाढली की जमिनीची किंमत वाढते. ती वाढवतात रहिवासी आणि खिशात घालतो जमीनमालक. संघाच्या किमतीचेही तसेच आहे. पिढ्यान्‌पिढ्या उन्हात उभे राहून ओरडणाऱ्यांनी जे मूल्य निर्माण केले, त्याचा सौदा होतो तेव्हा खरेदीखतावर त्यांची सही कोणी मागत नाही.

याची परिसीमा पाहायची तर अमेरिकेकडे पाहावे. तेथील फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन झुंजत पुढे नेण्याचा खेळ. रटगर्स आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांतील १८६९ चा सामना हा तेथील महाविद्यालयीन फुटबॉलचा आरंभ मानतात. आज मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडागारात १ लाख ७ हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार शहराची सारी लोकसंख्या सुमारे १ लाख ११ हजार होती, यावरून त्या गर्दीची कल्पना यावी. ही गर्दी भाडोत्री नाही. पदवी घेऊन चाळीस वर्षे झालेला माणूसही आपल्या महाविद्यालयाचा रंग अंगावर घालून तेथे येतो, आणि जानेवारीत हंगाम सरला की खरोखरच खिन्न होतो. या निर्मळ निष्ठेवर काय उभे राहिले? १९५५ साली कोलोरॅडोतील एका लहान महाविद्यालयाकडून खेळताना डोक्याला मार बसून एक खेळाडू मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. १९५७ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. त्याच सुमारास महाविद्यालयीन खेळांचे नियंत्रण करणाऱ्या एनसीएए या संस्थेने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला. खेळाडू कामगार ठरू नये, हा त्यामागचा हेतू होता, हे संस्थेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर १९९५ च्या पुस्तकात मान्य केले. शब्दांच्या कारखानदारीत भांडवलशाही कधीच मागे नसते. प्रशिक्षकांना कोट्यवधी डॉलर, दूरचित्रवाणी कंपन्यांना अब्जावधी, आणि खेळाडूला शिष्यवृत्ती, अशी वाटणी अर्धशतकाहून अधिक काळ चालली. २०२१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने या संस्थेविरुद्ध निकाल दिला, आणि जून २०२५ मध्ये जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर देण्याची तडजोड न्यायालयाने मंजूर केली. खेळाडूंच्या पदरात उशिरा का होईना, काही पडले. पाठीराख्याच्या पदरात काय पडले? १९१५ पासून चालत आलेली पश्चिम किनाऱ्यावरच्या विद्यापीठांची साखळी २०२४ साली प्रक्षेपणाच्या पैशापायी फुटली, बारांपैकी दहा विद्यापीठे तिच्यातून बाहेर पडली. लॉस एंजलिसचे संघ आज त्याच साखळीत आहेत जिच्यात खंडाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या न्यू जर्सीचा संघ आहे. आजोबांपासून चालत आलेल्या शेजारच्या गावाशी असलेल्या चुरशी मोडल्या. त्या मोडताना पाठीराख्याचे मत घेण्याची गरज कोणाला वाटली नाही.

महाराष्ट्रात तर हे नाटक अधिक वेगाने खेळले गेले. मुंबईच्या महिंद्र युनायटेड संघाने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली होती. २०१० साली कंपनीने तो बंद केला. २०१४ साली इंडियन सुपर लीग निघाली, पुण्याला एक संघ मिळाला, पोरांनी नारिंगी-जांभळे सदरे घेतले, आणि २०१९ साली तो संघ गुंडाळला गेला. त्याची जागा हैदराबादने घेतली. हैदराबादने २०२१-२२ चे विजेतेपद मिळवले, तरी २०२५ साली त्या संघाचे बिऱ्हाड दिल्लीला हलले. जिंकूनही पाठीराख्याच्या हाती संघ राहत नाही, तर हरून काय राहणार! त्याच वर्षी जुलैमध्ये महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातील कराराचा पुढचा मार्ग ठरेना म्हणून पुढचा हंगामच अनिश्चित काळासाठी थांबवण्यात आला. शेतकऱ्याचा हंगाम पावसावर अवलंबून असतो. फुटबॉलच्या पाठीराख्याचा हंगाम करारनाम्यावर अवलंबून राहिला.

आणि याच महाराष्ट्रात कोल्हापूर आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमी मूळच्या कुस्तीच्या; त्यांचे फुटबॉल संघ पेठेच्या जिवावर उभे राहिले. १९४० साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या छायेत शाहू स्टेडियमवर दर वर्षी हंगाम भरतो आणि पावसाळा जवळ आला की संपतो. मग तालमीच्या कट्ट्यावर अख्खा पावसाळा एकेका हुकलेल्या गोलची उजळणी चालते. पेठेचा संघ उचलून कोणी हैदराबादला नेऊ शकत नाही, कारण तो कोणा एका मालकाच्या नावावर नाही. कोल्हापूर म्हणजे स्वर्ग, असे समजण्याचे कारण नाही. समर्थकांच्या हाणामाऱ्यांनी सामने थांबवावे लागले आहेत, पुढाऱ्यांच्या नावांचे चषक तेथेही आले आहेत, आणि बाहेरचे खेळाडू पैसे मोजून आणण्याची चढाओढही लागली आहे. परंतु हे दोष पेठेतल्या माणसांना पेठेतच भांडून दूर करता येतात. पुण्याच्या पाठीराख्याला भांडायला समोर कोणी उरलाच नाही.

आता पुन्हा नंदुरबार. येथे भांडवलदाराने संघ विकत घेतलेला नाही, हे खरे. गंमत अशी की येथील संघ मुळात विद्यार्थ्यांच्याच पैशाने चालतो. प्रवेशाच्या पावतीवर जिमखान्याचा एक रकाना असतो. सवलतीच्या विद्यार्थ्याने तो स्वतः भरला नाही तरी त्याच्या नावाने आकारला जातो. जिल्ह्यातील सुमारे सत्तर टक्के लोकसंख्या आदिवासी आहे, तेव्हा हा पैसा कोणाचा, हे सांगायला नको. आणि ज्याचा पैसा, त्यालाच सामना दिसत नाही. विभागीय सामने यजमान महाविद्यालयात, कामाच्या दिवशी, तासिका चालू असताना उरकले जातात. आंतरविभागीय सामन्यांसाठी १९९० पासून विद्यापीठ असलेल्या जळगावच्या बाजूला जावे लागते, म्हणजे नंदुरबारपासून सुमारे दीडशे किलोमीटर, आणि धडगावहून निघणाऱ्यास त्याहून कितीतरी अधिक. सत्रपद्धतीने परीक्षा दुप्पट केल्या. शारीरिक शिक्षण संचालकाची जागा रिक्त असेल तर मराठीचा किंवा भूगोलाचा प्राध्यापक संघ घेऊन जातो आणि प्रवासभत्त्याच्या कागदांत गुंतून पडतो. दिवाळीनंतर सातपुड्यातली कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्यांच्याबरोबर काही विद्यार्थीही जातात, खेळाडूही जातात. क्रीडाहंगाम आणि गळीतहंगाम एकाच वेळी येतात, आणि कोयता हातात घेतलेल्याला चेंडूकडे पाहण्याची सवड कोठून मिळणार? अशा संघाला पाठीराखे नाहीत, याचा दोष विद्यार्थ्यांच्या अनास्थेवर टाकणारे प्राचार्य आणि संस्थाचालक स्वतः किती सामन्यांना हजर राहिले, हेही एकदा विचारून पाहावे.

एके काळी जिमखान्याचा विद्यार्थी सचिव मतांनी निवडून येत असे. त्या निवडणुकांत दांडगाई होती, पैसाही होता. पण संघाला नवे बूट का मिळाले नाहीत, हा प्रश्न कोणाला तरी चारचौघांत विचारता येत होता. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका बंद करून गुणपत्रिकेवरून प्रतिनिधी नेमण्याची रीत आणली. २०१६ च्या कायद्याने निवडणुका कागदावर परत आणल्या, २०१९ साली त्या जाहीर झाल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. संघाचा मालक असलेल्या विद्यार्थ्याचे मालकीचे कागद सरकारने अशा रीतीने काढून घेतले. त्यासाठी कोणा उद्योगपतीची गरज भासली नाही.

येत्या जूनमध्ये प्रवेश सुरू होतील आणि जिमखान्याचा रकाना असलेल्या पावत्या पुन्हा हाती पडतील. तालुका शाखांनी त्या पावत्या गोळा कराव्यात. गेल्या हंगामात जिमखान्याच्या नावाने किती रक्कम जमा झाली, किती मैदानावर, किती खेळाडूंच्या जेवणा-प्रवासावर आणि किती अन्यत्र खर्च झाली, हा हिशेब सूचनाफलकावर लावण्याची लेखी मागणी विद्यार्थ्यांच्या सह्यांनिशी प्रत्येक महाविद्यालयात द्यावी. विभागीय फेरीतील निदान अंतिम सामना रविवारी, पाहायला येता येईल अशा मैदानावर व्हावा, यासाठी विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाकडे निवेदन जावे. शारीरिक शिक्षण संचालकांच्या रिक्त जागांचा प्रश्न प्राध्यापक संघटनांना बरोबर घेऊन मांडावा. सामना शहाद्याला असेल तर धडगावच्या मुलामुलींना अंधार पडण्यापूर्वी घाट चढून घरी पोहोचता येईल अशा वेळेची एसटी लागेल. तिचा अर्ज शहादा आगाराकडे जुलै उजाडण्यापूर्वी गेला पाहिजे, कारण ऑगस्टमध्ये सामन्यांच्या तारखा लागतात.