विश्लेषण : हजार अंश सोसणारे एफ-वनचे ब्रेक तुमच्या गाडीत का नकोत?

ताशी ३२० किलोमीटर वेगाने धावणारी फॉर्म्युला वनची गाडी वळणाआधी अवघ्या दोनेक सेकंदांत ताशी ८० किलोमीटरवर येते. त्या क्षणी ब्रेकची डिस्क निखाऱ्यासारखी लाल होते, तापमान हजार अंश सेल्सियसच्या घरात जाते. तरीही डिस्क वितळत नाही की वाकत नाही. हे शक्य होते कार्बन-कार्बन या मटेरियलमुळे.

‘आज ट्रॅकवर, उद्या रस्त्यावर’ असे वाहन उद्योगात नेहमी म्हटले जाते. या ब्रेकच्या बाबतीत ते लागू पडत नाही. का पडत नाही, हे घाटातून ये-जा करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवे.

कार्बन-कार्बन म्हणजे काय?

महागड्या गाड्यांच्या बॉडीत दिसते ते कार्बन फायबर रेझिनमध्ये बसवलेले असते. काही शे अंशांवर हे रेझिन निकामी होते. कार्बन-कार्बनमध्ये धागे कार्बनचे आणि त्यांना धरून ठेवणारा भागही कार्बनचाच. त्यासाठी भट्टीत हायड्रोकार्बन वायू सोडतात. हजार अंशांच्या आसपास वायूचे विघटन होते आणि त्यातला कार्बन धाग्यांमधल्या पोकळ्यांत हळूहळू साठत जातो. घाई केली तर बाहेरची तोंडे आधी बुजतात आणि आत पोकळी राहते. त्यामुळे एक डिस्क तयार व्हायला काही महिने लागतात.

ते शर्यतीत कसे आले?

अवकाश आणि विमान क्षेत्रातून. कॉन्कॉर्ड विमानात कार्बनचे ब्रेक होते. १९७६ मध्ये ब्रॅबम संघाने ते एफ-वनमध्ये आजमावले आणि ऐंशीच्या दशकात ते रुळले. लोखंडी डिस्कच्या तुलनेत वजन साधारण एक चतुर्थांश आणि लाल होईपर्यंत तापूनही ताकद कायम, हे त्यामागचे कारण.

एवढी उष्णता येते कुठून?

साधे गणित करू. गाडीचे वजन ८०० किलो धरले, तर वेग ३२० वरून ८० वर आणताना सुमारे ३० लाख ज्यूल ऊर्जा काढून घ्यावी लागते. तेवढ्या ऊर्जेत साधारण १० लिटर पाणी उकळीला येईल. काही वाटा हवेचा रोध उचलतो, काही बॅटरी चार्ज करणारी मोटर. उरलेली सगळी ऊर्जा डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन उतरते. ती बाहेर जावी म्हणून डिस्कला हजारांच्या आसपास बारीक छिद्रे पाडलेली असतात.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण थंडपणाची. साडेतीनशे-चारशे अंशांच्या खाली हे ब्रेक नीट पकडतच नाहीत. त्यासाठी चालकांना आधी ब्रेक तापवावे लागतात. २०२१ मध्ये बाकूच्या शर्यतीत ब्रेक आणि टायर तापवण्यासाठी पुढच्या चाकांवर जास्त जोर देणारी व्यवस्था लुईस हॅमिल्टनकडून चुकून सुरू झाली. पुन्हा सुरू झालेल्या शर्यतीत पहिल्याच वळणावर तो सरळ बाहेर गेला.

दुसरी अडचण अति उष्णतेची. कार्बन हवेत तापला की झिजतो, अक्षरशः जळतो. २०२४ मध्ये मेलबर्नला मॅक्स व्हर्स्टॅपेनच्या गाडीचा मागचा उजवा ब्रेक सुरुवातीपासूनच अडकून राहिला. काही फेऱ्यांतच आग दिसली आणि त्याची शर्यत संपली.

तिसरी अडचण ठिसूळपणाची. कोलंबिया यानाच्या पंखाची पुढची कड याच प्रकारच्या मटेरियलची होती. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा आदळून तिला भगदाड पडले. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान कोसळले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. जे उष्णता सोसते, ते धक्काही सोसेल असे नाही.

रस्त्यावरच्या गाडीत ते का चालणार नाहीत?

शहरात आपल्या गाडीचे ब्रेक शंभर-दोनशे अंशांच्या पलीकडे क्वचितच जातात. तिथे एफ-वनची डिस्क बसवली, तर पहिल्याच सिग्नलला गाडी पुढच्या रिक्षात जाईल. पोर्शसारख्या कंपन्यांनी २००१ पासून दिलेले ब्रेक कार्बन-सिरॅमिकचे आहेत. त्यात सिलिकॉन कार्बाइड असते, म्हणून ते थंडही चालतात. नावात कार्बन असला तरी ते वेगळे मटेरियल आहे आणि किंमत सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर.

भारताला हे तंत्र जमते का?

जमते. अग्नी क्षेपणास्त्राचे उष्णतारोधक कवच आणि तेजस विमानाच्या ब्रेक डिस्क यांसाठी कार्बन-कार्बन देशात विकसित झाले. एप्रिल २०२४ मध्ये इस्रोने पीएसएलव्हीसाठी याच मटेरियलचे हलके नोझल जाहीर केले. त्यामुळे वाहनक्षमता १५ किलोने वाढेल असे सांगण्यात आले. म्हणजे तंत्र आपल्याकडे आहे. प्रश्न ते कुठे वापरायचे याचा आहे.

यात घाटाचा काय संबंध?

लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना सुमारे ५०० मीटर उंची कमी होते. २५ टनांचा ट्रक वेग न वाढवता खाली आणायचा, तर सुमारे १२ कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. म्हणजे एफ-वनच्या तसल्या ४० ब्रेकिंगइतकी, आणि तीही लोखंडी ड्रम व लायनरवर. डिझेल वाचवण्यासाठी चालकाने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की इंजिनाची मदत संपते आणि जवळपास सगळा भार ब्रेकवर येतो. तापलेले लायनर पकड सोडतात. दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘ब्रेक फेल झाल्याने अपघात’. अनेकदा ब्रेक तुटलेला नसतो, तापलेला असतो.

माझ्या मते रेसिंगकडून मटेरियलपेक्षा उष्णतेवर नजर ठेवण्याची सवय घ्यायला हवी. एफ-वनचा संघ प्रत्येक चाकाच्या ब्रेकचे तापमान सतत पाहतो. मग अवजड वाहनांना घाटमाथ्यावर थांबवून साध्या इन्फ्रारेड थर्मामीटरने ड्रम तपासायला काय हरकत आहे? गरम निघाले तर गाडी थांबवायची, निवू द्यायची आणि खालच्या गिअरमध्येच उतरवायची. त्यासाठी रॉकेटचे मटेरियल लागत नाही.

कारवाल्यांनाही हेच लागू. डॉट-४ प्रकारचे नवे ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पाणी मुरले की ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफ होते आणि पेडल थेट तळाला जाते. ऑइल वेळेवर बदलण्याचा खर्च कार्बनसारख्या दिसणाऱ्या स्टिकरपेक्षा फार नसतो. घाटात उपयोग मात्र त्याचाच होतो.